पाच चाळीसची सही

“सदर बालक दिनांक अकरा रोजी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पालकाच्या ताब्यात सुखरूप देण्यात आले. नोंदवहीत पालकाची सही आहे. तदनंतरच्या प्रकारास संस्था जबाबदार नाही.”

पाळणाघराच्या संचालिकाबाईंच्या पत्रातली ही तीन वाक्ये. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. या घरात ती बाब सर्वांत आधी पाहिली जाते. आता उरलेले पाहू. ‘देण्यात आले’ असे लिहिले की देणाऱ्याचे नाव लिहावे लागत नाही, म्हणून हा प्रयोग कचेऱ्यांना इतका प्रिय आहे. पाच चाळीसला त्या मुलीला कोणी कोणाला दिले नाही. ती बाहुल्यांच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, एक मोजा पायात आणि एक मुठीत अशी झोपली होती. ‘ताब्यात’ हा शब्द चोरीचा माल आणि संशयित यांच्यासाठी राखलेला असतो. चार वर्षांच्या मुलीला तो लावताना संचालिकाबाईंचा हात अडखळला नसावा. ‘सुखरूप’ खरे आहे, पण ते सुख झोपेचे. संस्थेचा त्यात वाटा नाही. वेळ तेवढी बिनचूक.

घडले ते इतकेच. पाच चाळीसला आई आली. दाराशी टेबलावर नोंदवही असते. तीत मुलीचे नाव, स्वतःचे नाव, नाते आणि वेळ लिहून तिने सही केली. आत जाऊन आली. भिंतीतल्या कप्प्यातून दप्तर घेतले आणि मुलीला न घेता फाटकाबाहेर पडली. साडेसहाला सांभाळणाऱ्या बाईंनी नोंदवहीवरून बोट फिरवले, प्रत्येक नावापुढे सही पाहिली, दिवे घालवले आणि कुलूप हातात घेतले. तेवढ्यात आई धावत फाटकात आली.

“माझी मुलगी आत आहे.”

“अहो, तुम्ही नेलीत की! सही आहे तुमची.”

आधी सही, मग मूल, हा नियम पाळणाघराचाच. रांग भराभर पुढे सरकते म्हणून तो केलेला. पत्रात या नियमाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो लेखी खुलाशाचा: सोमवारी सकाळपर्यंत, आई आणि वडील दोघांच्या सह्यांनिशी, ‘समाधानकारक’. न दिल्यास मुलीची जागा रद्द.

म्हणून रविवारी दुपारी सगळे घर जेवणाच्या मेजाभोवती बसले. हे मेज आजोबांच्या छापखान्यातले. जुळवलेली पाने आवळून छपाईला तयार करायची ती यावरच. वरचा तक्ता लोखंडी, त्यामुळे उन्हाळ्यातही कोपर टेकले की गार लागते. याच जागेतला छापखाना गेला, यंत्रे गेली. मेज तेवढे दारातून बाहेर निघेना म्हणून राहिले.

मसुदा ताईने आणला होता. ताई म्हणजे घरातली थोरली लेक, व्यवसायाने वकील, शेजारच्या शहरात प्रशस्त घर, दोन मुलगे शिकायला बाहेर, आणि भावाच्या संसाराविषयी बनलेले एक पक्के मत. ती सकाळी आली होती. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिले होते आणि काही बोलली नव्हती. ते न बोलणे सगळ्यांनी ऐकले.

“वाचते,” ती म्हणाली. “‘गेल्या आठ महिन्यांपासून दुसऱ्या अपत्याच्या संगोपनामुळे आलेल्या शारीरिक व मानसिक थकव्याच्या भरात मी माझ्या मुलीस सोबत घेण्यास विसरले. त्याबद्दल मला अतीव खेद वाटतो. मुलीच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था कुटुंबाने केली आहे.’ बस. यापुढे एक अक्षर नको. जास्त लिहिलं की जास्त विचारतात.”

“पर्यायी व्यवस्था म्हणजे?” तिच्या भावाने विचारले.

“म्हणजे मी. टिंबू वर्षभर माझ्याकडे राहील. खोली रिकामी आहे, शाळा कोपऱ्यावर आहे, दोन बायका कामाला आहेत. मी तोडून नेत नाहीये रे कोणाला. इथे जरा श्वास घ्यायला जागा होईल.”

ताईच्या मनात खोट नव्हती, ही तिच्याविषयी सांगण्यासारखी सर्वांत भयंकर गोष्ट. भावजयीची तिला खरोखर दया येत होती. दया आली की ती नेहमी लगेच कामाला लागे, आणि ती कामाला लागली की ज्याची दया आली त्याला विचारायचे राहून जाई. आताही भावजय तिच्या उजव्या हाताला बसलेली होती, आणि मसुदा वाचून झाल्यावर ताईने पाहिले ते आपल्या आईकडे.

आईच्या मांडीवर आठ महिन्यांचा नातू पेंगत होता.

नातवाचे घरातले नाव स्वल्प. नातीचे टिंबू. दोन्ही नावे आजोबांनी ठेवलेली. आजोबा, म्हणजे ताईचे बाबा, त्या छापखान्यात चाळीस वर्षे जुळारी होते. शिशाची एकेक अक्षरे, ज्यांना छापखान्यात खिळे म्हणतात, पेटीतून वेचून ओळी जुळवायच्या हे त्यांचे काम. नात जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून टिंब. नातू पोटाशी पाय घेऊन वाकडा झोपे, म्हणून स्वल्पविराम. त्यावर त्यांचा मुलगा म्हणाला होता, “आता पूर्णविराम, बाबा.” सून तेव्हा हसली होती. ती हसल्याची ही शेवटची खात्रीलायक नोंद.

“मला एक कळत नाही,” बाबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू येई आणि त्याचा त्यांना एकंदरीत फायदाच होता. “त्या बाईवर का चिडायचं? सही झाली ना वहीत? सही झाली की पान छपाईला गेलं. चाळीस वर्षं सही झालेल्या प्रुफाकडे मी परत ढुंकून पाहिलं नाही. बघायचंच नसतं. बघत बसलं तर छापायचं कधी?”

“बाबा, ते पान नव्हतं. मूल होतं.”

“ते मला माहित्ये. मी बाईचं सांगतोय.”

खिळ्या एवढा वेळ टेबलावर नखाने रेघा ओढत होता. धाकटा मुलगा, टिंबूचा बाप, वय अडतीस, छपाईच्या यंत्रांचा दुरुस्तीवाला. दोन वर्षांचा असताना त्याने शिशाचा एक खिळा गिळला होता, ‘ठ’ अक्षराचा; तेव्हापासून हे नाव. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहायला सांगितले होते आणि तिसऱ्या दिवशी अक्षर सुखरूप परत आले. मागच्या पिढीत हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगितला गेला. द्वाड होता फार, असे म्हणून तो संपे.

खिळ्याला त्या दुपारी एकच भीती होती, आणि ती त्याच्या खिशात होती.

“तुझा फोन दे,” ताई म्हणाली.

“कशाला?”

“दे रे. बाहेर पडताना तिला कोणाचा फोन आला होता, असं ती बाई म्हणते. तो तुझा होता का ते बघते. विसरण्याला कारण असेल तर मसुद्यात घालता येईल.”

त्याने फोन दिला नाही. सांगूनच टाकले. “माझाच होता. पाच त्रेचाळीसला.”

“काय म्हणालास?”

“थर्मामीटर कुठंय विचारलं. स्वल्पाचं अंग गरम लागत होतं.”

“तू कुठून विचारत होतास?”

“इथून. घरून.”

ताईने पेन खाली ठेवले. न्यायालयातही ती असेच करीत असावी. “म्हणजे पाच चाळीसला तू घरी होतास.”

“त्या दिवशी लवकर सुटलो होतो. मुद्दाम आलो, हिला मदत व्हावी म्हणून.”

“घरी तू, आई, बाबा. तीन माणसं. आणि थर्मामीटर सापडेना.”

“डावीकडच्या खणात होता,” बाबा म्हणाले. “बॅटरीच्या मागे.”

“आता माहिती आहे, बाबा. तेव्हा नव्हतं ना!” खिळ्याचा आवाज चढला. “आणि मी काय ऐदी बसलेला असतो का? मदत करतो मी. विचारा हिला. रविवारी दोघांना फिरवून आणतो. बाटल्या उकळतो. रात्री उठतो...”

“कधी?”

“उठवलं की उठतो.”

वाक्य त्याच्याच कानांवर आदळले आणि त्याने बायकोकडे पाहिले. ती खाली पाहत होती. तिच्यासमोर ताईचा मसुदा होता आणि हातात पेन्सिल.

मराठीत ‘मदत’ हा शब्द फार सोज्वळ आहे. दुसऱ्याच्या कामात हात लावणे, असा त्याचा अर्थ. ज्याचे काम असते तो मदत करीत नाही, तो काम करतो. खिळ्याने हा शब्द गेल्या चार वर्षांत हजारदा वापरला असेल, आणि काम कोणाचे हे त्या प्रत्येक वेळी नव्याने ठरत गेले. वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी सांगितलेले प्रत्येक काम तो करी. सांगणे हेही काम असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

“आणखी फोन केलास?” ताईने विचारले. एव्हाना ती भावाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिली होती, आणि तिथे तिला आणखी मोकळे वाटत होते.

“पाच पंचावन्नला. तापाचं औषध कुठलं द्यायचं.”

“आणि तिने सांगितलं?”

“सांगितलं. निळ्या झाकणाची बाटली, पांढऱ्या नाही. कपाटाचं दार उघडताना दुसरी एक पुढे घरंगळते ती धर म्हणाली. खरंच घरंगळली.”

“तिला विचारलंस का, तू कुठे आहेस म्हणून? टिंबू काय करतेय?”

खिळ्याने फोन खिशातून काढून मेजावर पालथा घातला.

“शाब्बास,” ताई म्हणाली. “मग यात दोष हिचा आहेच कुठे? फोनवर फोन, घरात तीन तीन माणसं, आणि सगळं हिच्या डोक्यात. विसरणार नाही तर काय! हे मी घालते. ‘सततच्या व्यवधानांमुळे.’ आई, तुला पटतंय ना?”

आईला हे पटायला हवे होते. तीन दिवस तिने एकच वाक्य धरले होते: आम्ही तिघं वाढवली, छापखान्यात कागदांच्या घड्या घालता घालता वाढवली, पोटचं मूल विसरलो नाही कधी. तिघांपैकी मधला आता हयात नव्हता आणि त्याचे नाव या घरात निघत नसे. मोजताना मात्र ती नेहमी तीनच मोजी. हे वाक्य तिने सुनेच्या देखत दोनदा आणि अपरोक्ष कितीदा तरी म्हटले होते. आता मुलगी सुनेच्या बाजूने आणि मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात, असा पालट झाल्यावर तिने तोंड उघडलेही.

तेवढ्यात टिंबू आतून आली. पायात आजोबांच्या सपाता, गळ्यात पाण्याची बाटली.

“ही बाटली घरात का गळ्यात, गं?” ताईने तिला जवळ ओढले. “इकडे ये. आत्याकडे येणार राहायला?”

“किती दिवस?”

“खूप.”

“आई पण?”

“आई नंतर येईल.”

टिंबूने यावर विचार केला. “नको. आई नंतर येते तेव्हा अंधार असतो.”

“अगं, त्या दिवशी चुकून झालं ते. आई विसरली.”

“नाही विसरली,” टिंबू म्हणाली. “माझी बाटली कप्प्यातच होती. बूट पण होते. आईने नीट लावून ठेवले होते, डावा डावीकडे. मी रोज उलटे ठेवते. दप्तर नव्हतं. मी उठले तर बाई म्हणाल्या, आई आली बघ. आणि आईच आली होती.”

“हुशार आहे कार्टी,” बाबा म्हणाले.

ताईने मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि मसुद्याकडे वळली. साक्षीदार चार वर्षांचा असला की वकील त्याचे ऐकत नाहीत. खिळ्या फोन पालथा घालून बसला होता. ऐकले ते एका माणसाने.

आईने मांडीवरच्या नातवाला सरळ केले. दप्तर पाच चाळीसला बाहेर गेले. बाटली आणि बूट मागे राहिले. घाईत विसरणारी बाई हाताला लागेल ते सगळे उचलते, कप्पा रिकामा करते, आणि मूल तेवढे राहते. ही बाई कप्प्यातून निवडून काढत होती. तहान लागली तर पाणी. उठली तर बूट. डावा डावीकडे.

छत्तीस वर्षांपूर्वी एका सकाळी आई कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवी झाली होती. पहाटेपासून घड्या घातलेल्या, थोरली तापाने फणफणलेली, मधला पोटात. धाकटा, दोन वर्षांचा, चालत खिळ्यांच्या पेटीकडे गेला. तिने पाहिले. त्याने हात घातला, तेही पाहिले. जाऊ दे, तिच्या मनात आले, दोन मिनिटं गप्प बसेल. मग तिने डोळे मिटले. हे तिने नवऱ्याला, डॉक्टरांना, कोणालाही सांगितलेले नाही. ‘द्वाड होता फार’ ही सांगण्याची रीत तिनेच सुरू केली होती.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. मधला पोटात असताना धाकटा चालत होता, हे शक्य नाही. खिळ्या हा खरे तर मधला. धाकटा तो, जो राहिला नाही. या घराने अपत्यांचा क्रमही सोयीने लावून घेतला आहे, आणि वरच्या परिच्छेदांत तो तसाच छापला गेला.

“विसरलीच ती,” आई एकदम म्हणाली. इतक्या मोठ्याने की स्वल्प दचकला. “पोरीचं काय ऐकता? बाटली घाईत राहिली असेल. विसरली म्हणजे विसरली. ताई, तू लिहिलंयस ते बरोबर आहे. लिही, आणि दोघं सह्या करा, आणि विषय संपवा. आणि टिंबू कुठेही जाणार नाही. मी आहे इथे.”

ताई चकित झाली. “आई, परवा फोनवर तूच म्हणालीस की हिच्या हाती पोर ठेवायची भीती वाटते.”

“म्हटलं असेल. आता म्हणत नाही.”

सुनेने प्रथमच मान वर केली आणि सासूकडे पाहिले. सासूने नजर चुकवली नाही. त्या दोघींत काय झाले ते टेबलावरच्या इतर कोणाला कळण्याचे कारण नव्हते.

सून मुद्रितशोधक आहे. बारा वर्षे ती पाठ्यपुस्तकांची आणि औषधांच्या पाकिटातल्या माहितीपत्रांची प्रुफे तपासते; सहा वर्षे कार्यालयात, लग्नानंतर घरून, याच लोखंडी मेजाच्या कोपऱ्यावर. मागच्या महिन्यात ती एकटी जाऊन डॉक्टरांना भेटून आली होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिले होते: विश्रांती घ्या. तिने ती चिठ्ठी फ्रिजला लावली. आज्ञार्थी वाक्य, कर्ता अध्याहृत, आणि विश्रांती कोणाकडून घ्यायची ते दिलेले नाही. चिठ्ठी अजून तिथेच होती. तिच्यावर खिळ्याने दुधाच्या पिशव्यांचा आकडा लिहून ठेवला होता.

“ताई,” ती म्हणाली, “‘मानसिक’ची पहिली वेलांटी. तुम्ही दुसरी दिलीय.”

“काय?”

“दुसऱ्या ओळीत. आणि ‘अतीव’ बरोबर आहे, पण तेवढा खेद मला वाटत नाही.”

बाबा खुदकन हसले. ताईने कागद ओढून घेऊन पाहिला. वेलांटी दुरुस्त झाली होती. ‘अतीव’ खोडला होता. ‘पर्यायी व्यवस्था’चे अख्खे वाक्य खोडले होते. आणि ‘विसरले’ या शब्दाभोवती वर्तुळ काढून समासात प्रश्नचिन्ह टाकले होते.

“प्रश्नचिन्ह कशाला?”

“लेखकाला विचारायची खूण असते ती. तपशील खात्रीचा नसला की टाकतो.”

“अगं, खात्रीचा कसा नाही? तूच...”

“मी विसरले नव्हते.”

आई म्हणाली, “सूनबाई.” नुसते तेवढेच, सावध करण्याच्या सुरात.

“असू दे, आई. कळलंय तुम्हाला, ते मला दिसलं. पण मी विसरले नव्हते.”

“थांब,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता कामकाजाचा झाला. “तू काय बोलत्येस ते तुला कळतंय का? विसरलीस तर ती चूक आहे. चूक कोणाकडूनही होते, माफ होते. विसरली नाहीस तर ती चूक नाही. तो कबुलीजबाब आहे. असा कागद त्या बाईच्या फाइलीत गेला की कायमचा गेला. टिंबूची जागा जाईल ती जाईल. उद्या कोणी म्हणालं की या आईकडे मुलं ठेवू नयेत, तर मी काय दाखवू?”

“हाच कागद दाखवा.”

“पण का?” खिळ्या जवळजवळ ओरडला. “विसरले म्हणण्यात तुझं काय जातं? आम्ही सगळे तेच म्हणतोय! तुझ्याच बाजूने म्हणतोय!”

“कारण विसरले म्हटलं की तुम्ही माझ्या आठवणीवर इलाज कराल.” ती सावकाश बोलत होती, प्रूफ मोठ्याने वाचून दाखवताना बोलतात तसे, विरामचिन्हांसकट. “काल तू माझ्या फोनमध्ये गजर लावलास. पाच पस्तीसचा. ‘टिंबू’ असं नाव दिलंस त्याला. ताई भिंतीवर लावायला फळा घेऊन आल्यात, तो बाहेर गाडीत आहे. त्या फळ्यावर कोण लिहिणार? माझ्या आठवणीला काही झालेलं नाही रे. थर्मामीटर बॅटरीच्या मागे आहे. स्वल्पाची लस बावीस तारखेला, उजव्या मांडीत, गेल्या वेळी डाव्या होती. टिंबूला निळी वही नेऊन द्यायचीय बुधवारी. बाबांच्या कानातल्या यंत्राचा सेल संपत आलाय. तुझ्या बनियन संपल्यात. मला सगळं आठवतं. एक क्षणसुद्धा मला काही आठवत नाही असा जात नाही. तेच तर दुखतंय.”

बाबांनी कानातले यंत्र काढून पाहिले आणि परत घातले.

“मग सांग तरी,” खिळ्या म्हणाला. “तुला काय हवंय ते सांग. मी करतो.”

“बघ,” ती म्हणाली. “परत मीच सांगायचं.”

आणि तिला हसू आले. फार नाही; पण मागच्या नोंदीनंतरची ही पहिली नोंद. खिळ्याला त्यात सामील व्हावे की नाही ते कळेना.

“बरं, एक सांगते. एकच. पाच चाळीसची सही यापुढे तुझी.”

“रोज?”

“रोज. मदत म्हणून नाही.”

“पण त्यांनी जागाच रद्द केली तर?”

“तर दुसरं पाळणाघर तू शोधायचंस. तिथली सहीही तुझी.”

ताई दोन्ही हात लोखंडावर टेकून बसली होती. आयुष्यात प्रथमच तिचा अशील तिचे ऐकत नव्हता आणि तिला त्याचा राग येत नव्हता, ही गोष्ट तिला पुढे बरेच दिवस त्रास देणार होती. “मी असा कागद जाऊ दिला असं कोणाला सांगू नका,” ती शेवटी म्हणाली. “वकील म्हणून मी विरोध नोंदवते.”

“आणि आत्या म्हणून?” बाबांनी विचारले.

“आत्या म्हणून तो फळा परत नेते.”

आईने स्वल्पाला उचलून खिळ्याच्या हातात दिले. न मागता, न सांगता. मूल झोपलेले होते आणि जड होते. मग ती सुनेजवळची खुर्ची ओढून बसली. “लिही,” ती म्हणाली. “मी बसते इथे.” आपली छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट तिने त्या दुपारीही सांगितली नाही. तिची नोंद इथे होत आहे ती तिच्या संमतीवाचून.

सुनेने कोरा कागद घेतला. एकदाच लिहिले, खाडाखोड नाही. तळाशी दोन सह्यांची जागा सोडली, वरच्या जागी आपली सही केली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. त्याने मूल एका हातावर तोलले आणि सवयीने सरळ दुसऱ्या रेघेवर पेन टेकवले.

तिने पेनवर हात ठेवला.

“आधी वाच. मग सही.”

त्याने वाचले. कागद पुढे पाळणाघराच्या फाइलीत गेला आणि तिथे तो ‘असमाधानकारक’ या शेऱ्याखाली आहे. मजकूर असा:

“दिनांक अकरा रोजी पाच चाळीसला मी नियमाप्रमाणे आधी सही केली आणि मुलीला आणायला आत गेले. पडदा सरकवून पाहिलं. ती झोपली होती. तिला उठवलं की सगळं पुन्हा सुरू होईल, असं माझ्या मनात आलं. मी पडदा लावला. तिचे बूट आणि बाटली तिच्यासाठी कप्प्यात ठेवली, दप्तर घेतलं आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. तिथून फाटक दिसतं. पन्नास मिनिटं मी फाटकाकडे पाहत बसले होते. फोन दोन घेतले. बाकी काही केलं नाही. मला बरं वाटलं, हे लिहायला नको होतं, पण ते खरं आहे. साडेसहापर्यंत बाई आत असतात, मूल उठलं तर त्या बघतील, असं मी धरून चालले होते. पण त्यांच्या वहीत माझी मुलगी गेलेली होती, आणि गेलेल्या मुलाला कोणी शोधत नाही. बारा वर्षं मी प्रुफांवर सह्या करते. माझ्या सहीनंतर ते पान कोणी वाचत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते मला खिडकीतले दिवे गेले तेव्हा आठवलं. मी मुलीला विसरले नव्हते. सही केली आहे, हे विसरले होते.”